‘हा डाग पुसू नकोस’ : कीटक, पेन्सिल आणि भिंग

रंगरेषा :

नमस्कार. मी शाळेत चित्रकला शिकवते. यंदा विज्ञानाच्या बाईंनी आणि मी मिळून सातवीच्या मुलांबरोबर कीटकांवर एक प्रकल्प केला. ठरवताना वाटलं होतं, त्या माहिती देतील, मी चित्रं काढून घेईन आणि शेवटी तक्ते भिंतीवर लागतील. तसं झालं नाही. जे झालं ते मनात असं घर करून बसलंय की सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिवाय शेवटी एक प्रश्न उरलाय, तोही तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, “आज काहीच शिकवायचं नाही. मुंगी काढा, आठवेल तशी.” पाच मिनिटांत कागद भरले. तीन गोळे, वर दोन मिशा, आणि पाय? कुणी डोक्याला लावले, कुणी शेवटच्या मोठ्या गोळ्याला, कुणी तिन्ही गोळ्यांना दोन-दोन अशी सारखी वाटणी केली. आठ पायांच्याही निघाल्या. याच मुलांनी ‘कीटकांना पायांच्या तीन जोड्या असतात’ हे वाक्य परीक्षेत बिनचूक लिहिलं होतं. आम्ही काही न बोलता ते कागद कपाटात ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी खिडक्यांच्या खोबणीत मरून पडलेले मुंगळे, माश्या, एक भुंगेरा असं जमवलं. दोघांत एक भिंग. नियम एकच, पहिली दहा मिनिटं पेन्सिलला हात लावायचा नाही. सातव्या-आठव्या मिनिटाला मागच्या बाकावरून आवाज आला, “अहो बाई, सगळे पाय मधल्या तुकड्यातूनच निघालेत!” मग वर्गभर तेच. पाय मधून, पंखही मधून, पोटाला काहीच नाही. तेव्हा कुठे बाईंनी सांगितलं, की चालवणारे आणि उडवणारे स्नायू त्या मधल्या भागात, वक्षात, असतात.

लगेच पुढची अडचण. आम्ही डोकं, वक्ष, पोट तीन रंगांत रंगवत होतो. पण मुंगीला वक्ष आणि पोट यांच्यामध्ये एक बारीकशी गाठ असते. तिला रंग कुठला द्यायचा? अर्धा वर्ग म्हणे वक्षाचा, अर्धा म्हणे पोटाचा. बाईंनी घरी जाऊन शोधलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, की ती गाठ पोटाचाच भाग आहे. इतकंच काय, मुंगीच्या पोटाचा पहिला खंड तिच्या वक्षालाच जोडला गेलेला असतो. म्हणजे आपल्याला दिसणारं ‘वक्ष’ निव्वळ वक्ष नाहीच. नुसतं वाचून हा प्रश्न कुणाला पडला नसता. चित्रात तो टाळता येत नाही, रेघ कुठेतरी मारावीच लागते.

आता मूळ गोष्ट. एका गटाकडे लिंबाची कुंडी होती आणि तिच्यावर स्वॅलोटेल फुलपाखराची अळी. चौघांनी पाळी लावून रोज एक चित्र काढायचं, शेजारी पट्टी ठेवून लांबी लिहायची, तारीख आणि वेळ टाकायची. सुरुवातीला अळी काळपट तपकिरी, मध्ये पांढुरका पट्टा, अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी. एका सोमवारी बघतात तर हिरवीगार अळी! “तुम्ही बदललीत” म्हणून गटात कडाक्याचं भांडण जुंपलं.

भांडण चालू असताना मी त्याच गटातल्या एका मुलीची वही बघत होते. चित्र सुरेख होतं. फक्त अळीपासून थोड्या अंतरावर, पानावर, एक तपकिरी ठिपका होता. मी म्हटलं, “एवढं छान काढलंयस, हा डाग तेवढा पूस.” खोडरबरही मीच पुढे केला. ती म्हणाली, “डाग नाही बाई. तिथे आहे तसं.” मी पुन्हा सांगितलं. तिने वही छातीशी धरली.

मग मी भिंग घेतलं. ती एक पोकळ वाटी होती, मोहरीच्या दाण्याहून लहान, चकचकीत, मधोमध चिरलेली. विज्ञानाच्या बाईंना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं आणि तिथेच जमिनीवर बसल्या. “हे हिचं डोकं आहे,” म्हणाल्या, “जुनं.” अळी कात टाकते तेव्हा डोक्याचं कवच सुटं होऊन गळून पडतं. उरलेली कात बरेचदा अळी स्वतःच खाऊन टाकते. म्हणजे अळी बदललेली नाही, तीच कात टाकून हिरवी झाली आहे, याचा तिथे उरलेला एकच पुरावा म्हणजे तो ठिपका. आणि मी तो दोनदा पुसायला सांगितला होता.

मी त्या मुलीची वर्गासमोर माफी मागितली. त्या दिवसापासून माझ्या तासाला ‘स्वच्छ कागद’ हे शब्द मी वापरलेले नाहीत.

आता प्रश्न. प्रकल्प आम्ही एका प्रदर्शनात पाठवला. अर्जावर दोनच रकाने होते, विज्ञान किंवा कला. विज्ञानाच्या परीक्षकांना चित्रं फार वाटली, कलेच्या परीक्षकांना आकडे फार वाटले. मुलं हिरमुसून परत आली. पुढच्या वर्षी हे पुन्हा करायचंच आहे. एक विषय दुसऱ्याची नुसती सजावट होऊ नये, अशी आखणी कशी करावी? कुणी केलं असेल तर जरूर लिहा.

कोवळंपान :

वाचताना अंगावर काटा आला. “तिथे आहे तसं” म्हणणाऱ्या त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. गट कसे पाडले होते? आमच्याकडे गटात चांगलं चित्र काढणारा एकटा राबतो आणि बाकीचे रंग भरतात.

भिंगातून :

ताई, तुमचा धागा वाचून मला मारिया सिबिला मेरियन आठवल्या. जन्म १६४७, फ्रँकफर्ट. तेराव्या वर्षी त्यांनी रेशमाच्या अळ्या पाळून त्यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. तो काळ असा होता की किडे चिखलातून, कुजलेल्या मांसातून आपोआप जन्मतात असंच बहुतेकांना वाटे. फ्रान्चेस्को रेडीने मांस झाकून ठेवलं की त्यात अळ्या पडत नाहीत, हे दाखवलं ते १६६८ मध्ये.

१६९९ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, मेरियन धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेल्या, केवळ कीटक बघायला. आजारी पडून १७०१ मध्ये परतल्या आणि १७०५ मध्ये तिथल्या कीटकांच्या रूपांतरावरचा त्यांचा मोठा चित्रग्रंथ निघाला. त्या काळचे बरेच संग्राहक फुलपाखरं ओळीने, सुटी सुटी काढत. मेरियननी एकाच पानावर झाड, त्याची कुरतडलेली पानं, त्यावरची अळी, कोष आणि पतंग असं सगळं एकत्र काढलं. ही अळी या झाडावर जगते आणि हा पतंग या अळीतून निघतो, हे त्यांचं म्हणणं त्या मांडणीतच होतं. चित्र वेगळं काढून घेतलं तर खाली विज्ञान उरत नाही, आणि निरीक्षण काढून घेतलं तर ते चित्र उभंच राहत नाही. आज त्यांनी अर्ज भरला असता तर कुठल्या रकान्यात भरला असता, हे त्या परीक्षकांना विचारायला हवं.

मोझेस हॅरिस यांचंही तसंच. अठराव्या शतकातले इंग्लंडमधले कीटक-अभ्यासक आणि उत्कीर्णकार, म्हणजे छपाईसाठी चित्रं कोरणारे. फुलपाखरांवरचा त्यांचा चित्रग्रंथ १७६६चा. आणि चित्रकलेच्या वर्गात आपण जे रंगचक्र शिकवतो, त्याच्या सुरुवातीच्या छापील नमुन्यांपैकी एक याच माणसाचा आहे. पंखांवरचे रंग हुबेहूब उतरवायचे तर रंग एकमेकांत कसे मिसळतात ते नीट माहीत हवं, हे ओघानेच आलं.

आकडेमोड :

रंगरेषाताई, ती डोक्याची कवचं टाकून दिली नसतील अशी आशा आहे. तुमच्या हाती गणिताचा खजिना लागलाय.

अळीचं अंग मऊ असतं, ते खाईल तसं वाढतं. डोक्याचं कवच मात्र टणक, दोन काती टाकण्याच्या मधल्या काळात ते वाढतच नाही. वाढ होते ती प्रत्येक कातीला एकदम, उडी मारल्यासारखी. हॅरिसन डायर यांनी १८९० मध्ये दाखवलं, की डोक्याची रुंदी प्रत्येक कातीनंतर साधारण ठरावीक पटीने वाढते. अळ्यांमध्ये ही पट बरेचदा १.४ च्या आसपास असते.

करायचं असं. कवचं मिळतील त्या क्रमाने काळ्या कागदावर चिकटवायची, शेजारी मिलिमीटरचा आलेख कागद ठेवून वरून फोटो काढायचा आणि फोटो मोठा करून रुंदी मोजायची. मग पुढच्या कवचाला मागच्याने भागायचं. मध्येच कुठे जवळजवळ दुप्पट उत्तर आलं तर मुलांना विचारा, काय झालं असेल? १.४ गुणिले १.४ म्हणजे १.९६. मधलं एक कवच सापडायचं राहून गेलंय! जी वस्तू हाती लागलीच नाही ती होती, हे भागाकाराने कळतं. मी गणित शिकवतो, भूमितीय श्रेणी शिकवायला याहून सुंदर काही मला माहीत नाही.

आणि तुमच्या बाजूने, ही डोकी एकात एक अशी वर्तुळं काढून ठेवली तर त्याचं स्वतंत्र चित्र होईल.

सहापाय :

मी कीटकशास्त्रात काम करतो. प्रकल्प मनापासून आवडला. तरीही थोडा विरोधी सूर लावतोय, कारण ‘कला आणि विज्ञानाचा संगम’ या नावाखाली आलेले बरेच तक्ते मी पाहिलेत आणि वाईट वाटून परतलोय. मधमाशीला दोनच पंख. (चार असतात, मागचे दोन पुढच्यांना बारीक आकड्यांनी अडकवलेले असतात म्हणून दोन वाटतात.) माशीला चार पंख. (दोनच असतात, मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन छोट्या गुंड्या असतात.) कीटकांच्या रांगेत कोळी. रंगसंगती मात्र अप्रतिम.

फुलपाखराचं तर विचारूच नका. पुढचे पंख वर ताणून पसरलेले, त्यांची खालची कड अंगाला काटकोनात. जिवंत फुलपाखरू असं बसत नाही. ती संग्रहातल्या, टाचणी लावून पंख ओढून वाळवलेल्या फुलपाखराची ठेवण आहे. मागच्या पंखांची नक्षी पूर्ण दिसावी म्हणून तसं करतात. मुलं बाग काढतात, फुलं काढतात आणि त्यावर मेलेलं फुलपाखरू उडवतात. छापील चित्रावरून चित्र काढलं की असं होतं.

दुसरं, चित्रकाराची नजर मोठी असते, पण तिच्यावर तपासणीचा लगाम हवा. अ‍ॅबट थेअर हे अमेरिकन चित्रकार. बऱ्याच प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकं का असतं, हे त्यांनी १८९६ मध्ये मांडलं. उजेड वरून पडतो, त्यामुळे पाठ उजळते आणि पोट सावलीत जातं. रंग बरोबर उलटा असला की छायाप्रकाश पुसला जातो आणि गोल शरीर सपाट दिसतं. आयुष्यभर सपाट कॅनव्हासवर गोलाई आणणाऱ्या माणसालाच हे सुचणार! काही अळ्या फांदीला उलट्या लटकून राहतात, त्यांचं पोट गडद आणि पाठ फिकी असते. अशी अळी सुलटी करा, लगेच डोळ्यांत भरते. हे मुलांना फांदीसकट दाखवता येतं.

पण पुढे थेअर इतके वाहवत गेले की प्राण्यांचा प्रत्येक रंग लपण्यासाठीच असतो असं म्हणू लागले. फ्लेमिंगोचा गुलाबी रंगसुद्धा म्हणे संध्याकाळच्या आकाशात मिसळून जाण्यासाठी! पहिलं निरीक्षण आजही टिकून आहे, ते पुढचं टिकलं नाही. म्हणून माझा आग्रह, चित्राखाली प्रमाणरेषा (खरं माप दाखवणारी छोटी रेघ) हवी, बाजू लिहिलेली हवी (वरून, कडेने, खालून) आणि जे दिसलं नाही ते मनाने भरायचं नाही, तुटक रेषेने सोडायचं.

रंगरेषा :

सहापायसर, तुमचा आग्रह पूर्ण मान्य. तुटक रेषेची युक्ती मला ठाऊक नव्हती, उद्यापासून वापरणार.

मात्र ‘जे दिसलं तेवढंच’ यावर मी थांबू शकत नाही. आम्ही वहीची दोन पानं वेगळी केली. डाव्या पानावर नोंदचित्र. तिथे पट्टी, तारीख, मोजमाप, आणि मनाचं काही नाही. उजवं पान मुलांचं. तिथे घाबरलेल्या माणसाला झुरळ केवढं वाटतं ते काढा, मुंगीला आपला बूट कसा दिसत असेल ते काढा, काहीही. अट एवढीच, की उजव्या पानावरची किमान एक गोष्ट डाव्या पानावरून आलेली असली पाहिजे. एका मुलाने चतुराच्या डोळ्यातून दिसणारा वर्ग काढला. त्यासाठी तो आधी बाईंकडे गेला, एका डोळ्यात किती भिंगं असतात ते विचारायला. काही चतुरांत ती ३०,०००च्या घरात असतात म्हटल्यावर त्याने डोक्याला हात लावला. शेवटी त्याने कागदावर चौकोनांची जाळी आखली आणि प्रत्येक चौकोनात एकच सपाट रंग भरला. लांबून वर्ग दिसायचा, जवळ गेलं की नुसते ठिपके. चतुराला अगदी असंच दिसतं असं नाही, हेही त्याने खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

कोवळंपान, गटांबद्दल. पहिल्या आठवड्यात आम्हीही तीच चूक केली, ‘चित्रवाले’ आणि ‘माहितीवाले’ असे गट पाडले. दोन दिवसांत मोडले. नंतर कामं पाळीने फिरवली. आज जो भिंग धरेल तो उद्या मोजेल, परवा काढेल. ज्याला काढायचा कंटाळा त्यालाही आठवड्यातून एकदा काढावंच लागे, आणि फार चांगलं काढणाऱ्याला एकदा पट्टी घेऊन आकडे लिहावे लागत. कुरकुर झाली. पण मोजणाऱ्याचं आणि काढणाऱ्याचं जुळलं नाही की भांडण होतं, आणि ते भांडण सोडवायला पुन्हा किड्याकडेच जावं लागतं.

एका मुलाला मात्र चित्र काढणं खरोखरच नको होतं. तो रातकिड्याचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून आला. बाईंनी संगणकावर त्या आवाजाचा आलेख उघडून दिला. चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास एकापुढे एक आखूड रेघा, मध्ये मोकळी जागा, पुन्हा रेघा. त्याने तो लांबलचक कागदावर शाईने उतरवला आणि शेजारी रातकिड्याच्या पुढच्या पंखावरची दातेरी शीर काढली. ती दुसऱ्या पंखाच्या कडेवर घासून नर आवाज काढतो. तोवर तोही, आणि मीसुद्धा, रातकिडे पाय घासून ओरडतात असंच समजत होतो.

नाट्यवेडा :

चित्रावरच का थांबायचं? आम्ही नाटकाच्या तासाला सहा मुलांची एक मुंगी केली. तिघं डावीकडे, तिघं उजवीकडे, सगळ्यांच्या कमरेला एक दोर. चाला म्हटलं. पहिल्या पावलालाच दोर ताणला आणि मुंगी कोसळली. मग जमिनीवर बसून खऱ्या मुंगीचं चित्रीकरण अगदी मंद गतीने बघितलं. डावा पुढचा, उजवा मधला आणि डावा मागचा हे तीन पाय एकदम उचलले जातात, बाकीचे तीन टेकलेले. मग उलट. म्हणजे सतत तीन पाय जमिनीवर, तिपाईसारखे. हे उमगल्यावर आमची मुंगी संपूर्ण सभागृह ओलांडून गेली. टाळ्या वाजवायला उरलेला वर्ग होता, पण सगळ्यांत जास्त ओरडली ती मुंगीच!

मधमाशीचा नाचही केला. कार्ल फॉन फ्रिश यांनी तो उलगडला, १९७३च्या नोबेल पुरस्काराच्या मानकऱ्यांत ते होते. पोळ्याच्या उभ्या पृष्ठभागावर माशी पोट हलवत सरळ धावते. ती धाव उभ्या रेषेशी जेवढा कोन करते, तेवढाच कोन बाहेर सूर्याची दिशा आणि फुलांची दिशा यांच्यात असतो. हलत धावण्याचा वेळ अंतर सांगतो, ढोबळमानाने एका सेकंदाला एक किलोमीटर. आम्ही एका मुलीला मैदानावर लपवलेल्या वस्तूची जागा सांगितली, तिने फळ्यासमोर बोलायचं नाही, फक्त नाचायचं. सेकंदाला दहा पावलं असं प्रमाण धरलं. पहिल्या खेपेला सगळे भलतीकडे गेले, कारण नाच आणि शोध यांच्यामध्ये मधली सुट्टी गेली होती आणि तेवढ्या वेळात सूर्य सरकला होता! माश्या नाचताना ही सूर्याची चालही हिशोबात धरतात, हे त्यानंतर सांगितलं. तोवर मुलं स्वतःच त्या प्रश्नापर्यंत आली होती.

कोवळंपान :

नाट्यवेडा, हे उद्याच करून बघणार.

एक विचारू का? माझा मुलगा किड्यांना फार घाबरतो. वर्गात अशी मुलं असतील तर तुम्ही काय करता? आणि टाचणी लावून संग्रह करायला सांगतात तेव्हा मला पोटात कालवतं. शिकण्यासाठी मारणं गरजेचं आहे का?

सहापाय :

संशोधनात नमुने लागतात, ते मी नाकारणार नाही. आतापर्यंत वर्णन झालेल्या कीटकांच्या जातीच सुमारे दहा लाख आहेत, आणि त्यांतल्या कित्येक केवळ बाहेरून बघून ओळखता येत नाहीत. पण सातवीच्या मुलांना त्यासाठी एकही जीव मारायची गरज नाही. दिव्याच्या काचेत, खिडकीत, कोळ्याच्या जाळ्यात पुरेसं मिळतं. जिवंत कीटक पारदर्शक डबीत घ्यायचा, बघायचा, काढायचा आणि जिथून उचलला तिथेच सोडायचा. हा ‘जिथून उचलला तिथेच’ भाग मुलांनी नकाशावर खूण करून पाळला तर उत्तम, म्हणजे आणखी एक नोंद होते.

भिंगातून :

भीतीबद्दल माझा अनुभव. घाबरणाऱ्या मुलाला जवळ ओढायचं नाही. त्याला लांबूनच काम द्यायचं, वेळ मोजायचं किंवा आधीच्या फोटोवरून मोजमाप घ्यायचं. माझ्या एका विद्यार्थिनीला पतंगांची किळस होती. तिला मी फक्त पंखावरच्या खवल्यांचा सूक्ष्मदर्शकातला फोटो दिला, कशाचा आहे ते न सांगता. कौलारू छपरासारखे एकावर एक रचलेले खवले. तिने दोन दिवस तो काढला. मग विचारलं, हे छप्पर कुठलं? पंखाचं आहे म्हटल्यावर बराच वेळ गप्प होती. नंतर तिने स्वतःहून डबी मागितली. प्रत्येकाचं असं होईल असं मी म्हणणार नाही, आणि झालं नाही म्हणून रागवूही नये.

आकडेमोड :

गुणांचं काय? मूळ प्रश्न तोच होता ना. सुंदर चित्राला जास्त गुण की अचूक चित्राला?

भिंगातून :

मी शेवटच्या चित्राला गुणच देत नाही. पहिलं आणि शेवटचं शेजारी ठेवून, मधल्या प्रवासाला देते. अमेरिकेतले शिक्षक रॉन बर्गर एका पहिलीतल्या मुलाची चित्रं दाखवतात, ती पाहून मी हे सुरू केलं. त्या मुलाला स्वॅलोटेल फुलपाखराच्या फोटोवरून चित्र काढायचं होतं. पहिलं काढलं ते कुठलंही लहान मूल काढेल तसं. वर्गमित्रांनी त्याला आधी फक्त आकाराबद्दल सांगितलं, पंख टोकदार आहेत, त्रिकोणासारखे आहेत. आकार जमल्यावर मग नक्षीबद्दल. सहावं चित्र बघितलं तर पहिलं याच मुलाचं आहे यावर विश्वास बसत नाही. मला त्यातली सूचना देण्याची पद्धत मोलाची वाटते. ‘छान आहे’, ‘वाईट आहे’ असं कुणी म्हणत नाही. फोटोवर बोट ठेवून ‘इथे बघ’ म्हणतात.

तेव्हा ताई, दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी एकाच वहीवर, एकत्र बसून गुण द्यावेत. वेगळे रकाने ठेवले की मुलं वहीही वेगळी करतात.

रंगरेषा :

पटलं. त्या पहिल्या दिवसाच्या मुंग्या कपाटात आहेतच. शेवटच्या दिवशी त्या बाहेर काढून प्रत्येकाच्या शेवटच्या चित्राशेजारी लावू. आणि पुढच्या वर्षी प्रदर्शनाच्या अर्जावर आम्ही दोघी दोन्ही रकान्यांत खूण करणार. परत आला तर आला.

डोक्याची कवचं आकडेमोडसरांच्या सांगण्यावरून मोजली. एका ठिकाणी जवळजवळ दुप्पट उत्तर आलं! मुलांनी वह्या उलगडल्या. मधले दोन दिवस शाळेला सुट्टी होती आणि त्या दिवसांची चित्रंच नव्हती.

लिंबाच्या कुंडीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. नंतर आणखी तीन अळ्या मिळाल्या, चारही कोषात गेल्या. मुलांनी भिंतीवरच्या मोठ्या कागदावर चार ओळी आखल्या होत्या, अंडं, अळी, कोष आणि शेवटी फुलपाखरासाठी मोठी मोकळी चौकट. तीन चौकटी भरल्या. चौथा कोष काळपट पडत गेला. काल सकाळी बघितलं तर त्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि डबीत बारीक बारीक गांधीलमाश्या, चमकदार, दोन-तीन मिलिमीटरच्या. कोषातल्या जिवावर त्या वाढल्या होत्या.

वर्ग एकदम शांत झाला. काही मुलं रडली. गटात मत पडलं, की चौथ्या चौकटीत फुलपाखरूच काढावं, नाहीतर भिंत अर्धवट दिसेल. मी काहीच बोलले नाही. आमची ती ठिपकेवाली मुलगी म्हणाली, “पण निघालं नाही ना.” बराच वेळ चर्चा झाली. शेवटी चौकटीत त्यांनी रिकामा कोष काढला, भोकासकट. आता त्यांना त्या माश्या काढायच्या आहेत, पण त्या क्षणभर स्थिर बसत नाहीत. मारायच्या नाहीत असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. कुणी उपाय सांगाल का?

भिंगातून :

ताई, मेरियन यांनाही काही कोषांतून फुलपाखरांऐवजी माश्या निघालेल्या दिसल्या होत्या. का ते त्यांना कळलेलं नव्हतं, तरी त्यांनी त्या चितारल्या. हे मुलांना नक्की सांगा.

सहापाय :

माश्या डबीत बंद करून डबी फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. पाच-सात मिनिटांत त्या सुस्तावतात. बाहेर काढल्यावर दोन-तीन मिनिटं मिळतात, मग ऊब आली की उडतात. त्यामुळे एकाने फोटो काढायचा, एकाने मिशीचे सांधे मोजायचे, एकाने नुसता आकार पकडायचा, असं वाटून घ्या. मिशीला कोपरासारखा बाक आहे का ते बघा.

आणि भोकाची कड नीट काढा. फुलपाखरू निघतं तेव्हा कोष ठरलेल्या रेषांवर उकलतो. या माश्या भिंत कुरतडून बाहेर येतात, म्हणून भोक गोल असतं. मुलांनी ते गोल काढलंय की उकललेलं? फोटो टाका.

रंगरेषा :

आत्ता भिंतीपाशी जाऊन बघून आले. गोल काढलंय.